यमनचा मूळ संगीतकार कोण?

टोरांटोत डिसेंबरात पावणेपाचलाच अंधार पडतो आणि जूनमध्ये रात्री पावणेनऊलाही ऊन असतं. यमन हा दिवस मावळल्यावर गायचा राग; तो नक्की कधी गायचा, हा घोळ इथे आल्यावर पहिल्याच वर्षी होतो. मी घड्याळ सोडलं, खिडकीबाहेर बघून गाते. बंदिशींचंही, म्हणजे रागात बांधलेल्या गीतांचंही, तेच. सावन, कोयल, अमराई गाऊन एका जानेवारीत कंटाळले, बाहेर रात्रभर बर्फ पडत होता आणि 'बरफ झरत सगरी रैन' ही ओळ तीनतालात आपसूक बसली. गुरुजींना मिरजेला फोनवर ऐकवली (इथले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात, चहा झालेला असतो). 'गंधारावर फार रेंगाळू नकोस' एवढंच म्हणाले. म्हणजे पसंत.

आता नोंदणी. स्वतःची रचना सभागृहात गायली की रॉयल्टी मिळते, पण त्याआधी ती एका संस्थेकडे नोंदवावी लागते. ऑनलाइन फॉर्म, बाकी सगळं दहा मिनिटांत झालं. फक्त शीर्षकात मी भाबडेपणाने 'राग यमन : बरफ झरत' लिहिलं आणि तिथेच माती खाल्ली. तीन आठवड्यांनी ईमेल: 'राग यमन' नावाच्या कृती आमच्याकडे आधीच आहेत. तुमची ही अरेंजमेंट (जुन्याच रचनेची नवी मांडणी) असल्यास मूळ संगीतकाराचं नाव कळवा.

यमनच्या मूळ संगीतकाराचं!

मी दीड पान उत्तर लिहिलं. राग म्हणजे कृती नव्हे, वादी गंधार, संवादी निषाद, चलन असं, पकड तशी. पंधरा दिवसांनी उत्तर: माहितीबद्दल आभार, कृपया मूळ संगीतकाराचं नाव कळवा. फोन केला. चाळीस मिनिटं कानात एकच सिंथेसायझरची धून. शेवटी शेवटी मी तिच्यावर ताना घ्यायला लागले होते. पलीकडची बाई स्वभावाने गोड. म्हणाली, मग पारंपरिक म्हणून नोंदवू का? 'नको!' मी एवढ्याने ओरडले की शेजारच्या खोलीतून नवरा धावत आला. पारंपरिक लागलं की चाल माझी राहत नाही, हे मात्र मला पक्कं माहीत होतं.

मग नोटेशन, म्हणजे लिहिलेले स्वर, मागितलं. भातखंडे पद्धतीने सुवाच्य लिहून, स्कॅन करून पाठवलं. मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, खालीपासून, तीनतालाच्या सोळांपैकी नवव्या मात्रेवर उचललेला, त्यामुळे पहिल्या ओळीतली आठ घरं रिकामी. उत्तर आलं: पानाची डावी बाजू स्कॅनमध्ये आलेली नाही, पुन्हा पाठवा.

शेवटी चाललं काय? एक वाक्य. 'राग यमन ही एक स्केल आहे; सी मेजरला संगीतकार नसतो, तसंच हे.' दोन दिवसांत मंजूर. राग म्हणजे स्केल नव्हे, असं दर रविवारी मुलांना बजावणारी मी! गुरुजींना हे सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तर रागाचं नाव शीर्षकात घालू नका. कालावधीच्या रकान्यात मी खरं ते लिहिलं, 'पाच मिनिटं ते पाऊण तास', तर लाल अक्षरं आली. सरळ सात लिहा. नोटेशनच्या आधी रेकॉर्डिंग पाठवा. कार्यक्रमात काय गायलात त्याची यादी स्वतः भरा, आयोजक हमखास विसरतात. आणि हो, तंबोरा विमानातून आणताना तारा उतरवा, हिवाळ्यात खोलीत ह्युमिडिफायर ठेवा. हीटरच्या कोरड्या हवेत माझ्या भोपळ्याला केसाएवढी चीर गेली, आता ती बोटाने चाचपल्याशिवाय मी जवारी लावत (तारांखाली दोरा सरकवून नाद खुलवत) नाही.

पहिला चेक अकरा डॉलरचा आला. सोबतच्या कागदावर रचनेचं नाव 'बराफ जारात' छापलंय. दुरुस्तीचा फॉर्म वेगळा असतो म्हणे. तो अजून उघडलेला नाही.