आमची वाटचाल: प्रोबची तार काढताना

आमची सुरुवात दुरुस्तीपासून झाली. ऑपरेशन थिएटरमधले गॅमा प्रोब आमच्या टेबलावर यायचे आणि बहुतेक वेळा दोष एकाच जागी सापडायचा. तार दांड्यातून बाहेर पडते तिथे, बोटभर अंतरात. आतला महागडा डिटेक्टर ठणठणीत, आणि वाकून वाकून तुटलेल्या तारेपायी यंत्र बंद.

प्रोब म्हणजे जाडसर पेनासारखा दांडा. टोकाला टंगस्टनच्या कवचात गॅमा किरण टिपणारा स्फटिक. स्तनाच्या कर्करोगात टेक्निशियम-99एम हे किरणोत्सारी द्रव्य असलेलं औषध टोचतात, ते लसिकावाहिन्यांतून काखेतल्या पहिल्या ग्रंथीपर्यंत जाऊन तिथे साठतं. प्रोबने ती ग्रंथी हुडकायची आणि काढून तपासायची. तिच्यात कर्करोग नसेल तर काखेतल्या बाकीच्या ग्रंथी वाचतात. डेव्हिड क्रॅग आणि सहकाऱ्यांनी 1993 साली स्तनाच्या कर्करोगात ही पद्धत मांडली. सर्जनची नजर जखमेत असते, त्यामुळे प्रोब ऐकायचा असतो. बीप दाट झाले की जवळ आलो, विरळ झाले की लांब गेलो.

तार तुटते एवढीच तक्रार असती तर आम्ही जाड तार लावून मोकळे झालो असतो. टेक्निशियमचा एक गॅमा कण 140 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा. आमच्या कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या स्फटिकात त्यातून जेमतेम तीस हजार इलेक्ट्रॉन सुटतात. हा इवलासा सिग्नल दांड्यात थोडा मोठा करून तारेने बॉक्सपर्यंत न्यायचा; बीप आणि आकडे तिथून येतात. तार हलली, आतली वेष्टणं एकमेकांवर घासली, की खोटे काउंट, म्हणजे न आलेल्या कणांची मोजणी. शिवाय स्टराइल कव्हरमध्ये ती लांबलचक तार ओढून घेताना सिस्टरांची होणारी कसरत वेगळीच.

म्हणून तारच काढायची ठरवली. तारेच्या जागी रेडिओ बसवला की झालं, असं वाटलं होतं. तसं नव्हतं. कच्चे पल्स, म्हणजे विजेचे ते इवलेसे ठोके, रेडिओवरून पाठवण्यात अर्थ नाही. पल्स खरा की खोटा हे दांड्यातच ठरवून पुढे फक्त आकडे धाडावे लागतात. म्हणजे बॉक्समधली अर्धी अक्कल दांड्यात कोंबायची, बॅटरीसकट. स्टीलच्या दांड्यातून रेडिओ बाहेर पडेना, म्हणून मागचं टोपण प्लास्टिकचं केलं आणि अँटेना त्यात घातला. लिथियम बॅटरी ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे निर्जंतुक करणाऱ्या वाफेच्या, उष्णतेत टिकत नाही, त्यामुळे स्टराइल कव्हर काही सुटलं नाही.

मला धास्ती होती कॉटरीची, म्हणजे सर्जनच्या विजेच्या चाकूची. ती रेडिओ बंद पाडणार, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो. कॉटरी काही लाख हर्ट्झवर चालते, आमचा रेडिओ म्हणजे ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर, तेही 79 चॅनेलांमधून सेकंदाला 1600 उड्या मारत. रेडिओला काही झालं नाही. गडबडला तो दांड्यात सिग्नल मोठा करणारा आमचाच प्रीअँप्लिफायर, खोट्या काउंटनी. शिल्डिंग पुन्हा करावं लागलं.

खरा दणका चाचणीत बसला. सर्जन मॅडम काखेत प्रोब फिरवत होत्या. आवाज थांबला. “इथे नाही,” म्हणून त्या पुढे सरकल्या. आमच्या टीममधल्या मुलाला स्क्रीनच्या कोपऱ्यातलं संपर्काचं छोटं चिन्ह राखाडी झालेलं दिसलं, म्हणून त्याने थांबवलं. त्या वाकल्या होत्या. प्रोब आणि बॉक्सच्या मधे त्यांचं शरीर आलं, आणि पाण्याने भरलेलं शरीर 2.4 गिगाहर्ट्झ चांगलंच शोषून घेतं. संपर्क परत आल्यावर ग्रंथी तिथेच निघाली. बाहेर आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, “तार तुटली की हाताला कळायचं हो. तुमची ही तुटली तर कळणार कसं?”

चूक सर्वस्वी आमची होती. आकडे येत नसतील तर गप्प बसायचं, असा प्रोग्राम आम्हीच लिहिला होता. आता प्रत्येक पॅकेटला अनुक्रमांक असतो. पाव सेकंद काही आलं नाही की घोगरा, सलग आवाज लागतो, आणि आकड्याच्या जागी आडव्या रेषा येतात. शून्य कधीच नाही. कारण शून्याच्या जवळ जाणारा आकडा खराही असू शकतो: टेक्निशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, आदल्या दुपारी टोचून सकाळी ऑपरेशन केलं तर अठरा तासांत आठवा हिस्साच उरतो.

आवाजाच्या उशिरावर सगळ्यात जास्त भांडणं झाली. शंभर काउंट मोजले तरी आकडा दहाने इकडेतिकडे होणारच. सरासरी काढली की तो स्थिरावतो, पण हात पुढे जातो आणि आवाज मागून येतो. शेवटी बीपसाठी ताजे काउंट आणि स्क्रीनसाठी सरासरी, अशी वाटणी केली.

पेअरिंगमध्येही, म्हणजे प्रोब आणि बॉक्सच्या जोडणीतही, फसलो होतो. शेजारच्या थिएटरमधल्या बॉक्सशी प्रोब जोडला गेला, तोही भिंतीपलीकडून. आता बॉक्सच्या खोबणीत प्रोब ठेवल्याशिवाय जोडणी होत नाही. वायरलेस यंत्राला जोडणीसाठी स्पर्श लागतो, यावर आमच्याकडे बरीच थट्टा झाली.

नव्या बॉक्सच्या मागे आम्ही तारेचं सॉकेट अजून ठेवलंय, रबरी झाकणाखाली. मॅडमनी मागितलं म्हणून. सर्व्हिसला आलेला बॉक्स हातात घेतला की मी आधी ते झाकण उघडलेलं आहे का ते बघतो.