होतं तिथेच ठेवा

समुद्रावर चोर ठरायची वेळ आली. माझ्यावर, मालवणच्या पोरीवर!

सिॲटलला उन्हाळ्यात मोठी सुकती, म्हणजे ओहोटी, भरदिवसा लागते. शनिवारी दगडांत एक मुठीएवढं पांढरं कवच दिसलं, खरखरीत, वरून उघडं. पिशवीत टाकणार तोच एक आजीबाई आल्या, गळ्यात स्वयंसेवकाचं ओळखपत्र. गोड हसून म्हणाल्या, "होतं तिथेच ठेवाल?"

डोकंच फिरलं. माझी आजी कोयती घेऊन कालवं काढायला जायची, तिला कुणी ओळखपत्र दाखवलं नाही. (हे नवऱ्याला दोनदा ऐकवून झालंय.)

बाई मात्र बोलत राहिल्या. हे बार्नॅकल. आपल्या खडकांवर पाय कापतात तेच, पण हे त्यांच्यातलं थोराड. १८५४ साली डार्विनने वर्णन केलेलं बॅलॅनस न्यूबिलस. अलास्कापासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत सापडतं, आणि उंची कधी ३० सेंटिमीटरपर्यंत जाते! दिसायला शिंपल्याचं भावंड, जातीने कुर्ली-कोळंबीचं. पिल्लू पोहत येतं, जागा पसंत पडली की डोकं खाली करून स्वतःला चिकटवतं आणि जन्मभर पायांनी पाणी चाळून खातं. आत जे स्नायू असतात त्यांचा एकेक तंतू ३ मिलिमीटरपर्यंत जाड, म्हणजे सुतळीएवढा. माणसाचा केसाएवढा असतो. शास्त्रज्ञांनी स्नायू कसा आखडतो ते यांच्यावरही तपासलं.

"पण हे तर मेलंय ना?" मी हट्टाने विचारलं.

तर म्हणे रिकाम्या कवचात एक बोटभर मासा बिऱ्हाड करतो. शेपटीकडून आत शिरतो आणि तोंड दाराशी ठेवतो. ते नाकाड असं टोकदार, की बघणाऱ्याला वाटावं बार्नॅकलचं झाकणच मिटलंय.

मग ठेवलं. होतं तसंच, उघडी बाजू वर. तरी मनात आलंच की या शहराने स्वतःचं बंदर भराव घालून उभारलं आणि मला एका कवचाचा हिशोब विचारतात! मुंबईचा विषय मी मुद्दाम काढला नाही.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. डार्विन, सुतळी, मासा. तिने शांतपणे ऐकलं.

"खातत काय पण?"

म्हटलं, इथले मूळ रहिवासी पूर्वापार खात आलेत.

"मगे कसा करतत, ता विचारलंस?"