बायनरी डोमेन, दुसरी फेरी: गुडघे, डोकी आणि साथीदारांचा रुसवा

सद्यस्थिती: 'बायनरी डोमेन' या शूटर व्हिडिओ गेमची साध्या पातळीवरची फेरी पूर्ण, आता 'नो मर्सी' ही सगळ्यात कठीण पातळी सुरू. सोबत बहुतेक वेळा फे आणि बिग बो हे साथीदार. डॅनच्या, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाच्या, रायफलवर बऱ्यापैकी खर्च झालाय, नॅनोमशीनची (पात्रांची क्षमता वाढवणाऱ्या भागांची) मांडणी अर्धवट आहे. कथेतलं रहस्य या नोंदीत कुठेही फोडलेलं नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. गेम सेगाचा, 'याकुझा' मालिका करणाऱ्या जपानी चमूने बनवलेला, तोशिहिरो नागोशींच्या देखरेखीखाली. जपानमध्ये १६ फेब्रुवारी २०१२ला पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६०वर आला, पाश्चात्त्य बाजारात त्याच महिन्याच्या अखेरीस, पीसीवर एप्रिलमध्ये. अमेरिकेत त्याच्या मागोमाग ६ मार्चला 'मास इफेक्ट ३' हा बहुचर्चित गेम आला आणि याच्याकडे कोण बघणार? त्यात मुखपृष्ठावर बंदूक घेतलेला आडदांड गडी, म्हणजे दुकानातल्या आणखी दहा गेमांसारखंच. काळ २०८०चा. समुद्र चढल्यामुळे जुनं टोकियो खाली बुडीत, नवं वर बांधलेलं. माणसासारखे दिसणारे रोबो बनवायला नव्या जिनीव्हा कराराच्या २१व्या कलमाने बंदी, आणि अमाडा कंपनीने ती मोडल्याचा संशय. त्याचा छडा लावायला निघालेलं आंतरराष्ट्रीय पथक म्हणजे 'रस्ट क्रू'. एवढं पुरे.

आधी पीसीवाल्यांचं काम. रिझोल्यूशन, की-बोर्डच्या कळा आणि माइक हे सगळं गेमच्या आत शोधत बसू नका, त्यासाठी कॉन्फिगरेशनचा वेगळा प्रोग्राम सोबत येतो. तो आधी चालवा, मगच गेम. कंट्रोलर असेल तर सरळ कंट्रोलर घ्या, माउसवर नेम चांगला लागतो पण संवादाचे पर्याय निवडताना बोटांची कसरत होते.

आणि माइक बंद ठेवा. साथीदारांना तोंडी हुकूम देता येतात ही या गेमची तेव्हाची मोठी जाहिरात होती. प्रत्यक्षात स्पीकरवरचा गोळीबार, डोक्यावरचा पंखा, साधा खोकला, काहीही ऐकून गेम त्याला शब्द समजतो. 'रीग्रुप' (माझ्याजवळ एकत्र या) म्हणावं आणि भलताच हुकूम सुटावा, हे चालायचंच. आपल्याकडच्या इंग्रजी उच्चारांना तर तो अजिबात दाद देत नाही. बटण धरून ठेवलं की पडद्यावर पर्याय येतात, त्यातून निवडणं दहापट बिनधोक. तोंडी हुकुमांची हौसच असेल तर हेडसेट लावा, म्हणजे निदान गेमचा स्वतःचा आवाज माइकमध्ये शिरणार नाही.

आता मुख्य गोष्ट, नेम कुठे धरायचा. इतर शूटरांमध्ये डोकं म्हणजे मरण. इथे डोकं उडवलं की रोबो मरत नाही, आंधळा होतो. त्याला शत्रू-मित्र कळत नाही आणि जो जवळ असेल त्याच्यावर गोळ्या झाडतो. त्याचेच सोबती मग त्याच्याकडे वळतात. म्हणून तिघा-चौघांच्या घोळक्यात कोणाचं डोकं उडवायचं हे ठरवून करा: मधल्याचं. कडेच्याचं उडवलंत तर तो एकटाच भरकटतो आणि बाकीचे तुमच्यावर मोकळे. मधल्याचं उडवलं की क्षणभर सगळ्या बंदुका आतल्या बाजूला वळतात. ते काही सेकंद बाजू बदलायला किंवा मॅगझिन भरायला वापरा, तेव्हा गोळ्या वाया घालवू नका.

पाय तोडला तर तो खाली पडतो, पण सरपटत येतच राहतो. नो मर्सीवर मार खायचं मोठं कारण हेच. पुढच्या रांगेशी झुंज चालू असते, नजर वर असते, आणि पाय गेलेला एखादा आडोशाच्या पायथ्याशी येऊन पोचलेला असतो. म्हणून पाय फक्त लांब असतानाच तोडायचे, धावत येणारी लाट पसरवण्यासाठी. जवळ आलेल्याचे पाय तोडणं म्हणजे त्रास खाली ढकलणं. हाताचंही तसंच. बंदुकीचा हात उडवला तर तो वाकून दुसऱ्या हाताने बंदूक उचलतो. त्या वाकण्यात त्याची छाती आणि डोकं दोन्ही उघडं पडतं, तोच नेमाचा क्षण. हात उडवून लगेच दुसऱ्या रोबोकडे वळायची सवय असेल तर ती मोडा.

बारकाईने बघितलं तर गोळी कुठे लागते ते कवचावर दिसतं. आधी बाहेरचा पत्रा तुकड्यातुकड्याने उडतो, खालचा सांगाडा दिसू लागतो, मग सांधा सुटतो. एकाच गुडघ्यावर सलग गोळ्या धरल्या तर सांधा लवकर जातो, अंगभर शिंपडल्या तर फक्त पत्रा उडतो आणि मॅगझिन संपतं. भाग तोडण्याचे क्रेडिटही, म्हणजे गेममधले पैसे, जास्त मिळतात, त्यामुळे नीट नेम धरणाऱ्याचा खिसा आपोआप भरतो.

ढालवाले किंवा अंगावर धावून येणारे असतील तर डॅनच्या रायफलचा शॉक बर्स्ट काढा. बटण धरून भरायचा आणि सोडायचा; घोळका एकदम हबकतो. परत भरायला वेळ घेतो म्हणून एकट्यादुकट्यावर खर्चू नका.

क्रेडिटचा क्रम. दुकानाची यंत्रं वाटेत येतात, तिथे गोळ्या, ग्रेनेड, फर्स्ट एड किट, शस्त्रं आणि नॅनोमशीन मिळतात. सुधारणा फक्त ज्याच्या त्याच्या मूळ शस्त्रावर होतात, उचललेल्या बंदुकीवर नाही. त्यामुळे आधी डॅनची रायफल: मारकता, मग मॅगझिन. तिसऱ्या क्रमांकावर फर्स्ट एड किट, कारण आडवे पडल्यावर तेच तारतं. साथीदारांच्या बंदुकांवर सुरुवातीला पैसे घालू नका. पथक सतत फुटतं, दोघे तुमच्यासोबत, बाकीचे दुसरीकडे, आणि खर्च केलेला गडी नेमका दुसऱ्या वाटेने जातो.

नॅनोमशीनची गंमत वेगळी. प्रत्येकाचा आकार वेगळा आणि प्रत्येक पात्राची चौकट मर्यादित, म्हणजे डबा भरताना पोळीशेजारी भाजीची वाटी बसवायची तसा मामला. मोठा आकार आधी कोपऱ्यात लावा, छोटे नंतर उरलेल्या फटीत. उलट केलंत तर शेवटी एक-दोन खण वाया जातात, सध्या इथे तेच झालंय. ते सगळं काढून पुन्हा लावायचं आहे.

आता विश्वास, कारण याच्याशिवाय नो मर्सीवर पुढे सरकणं कठीण. प्रत्येक साथीदाराचा तुमच्यावरचा विश्वास वेगळा मोजला जातो. घसरला की हुकूम ऐकत नाहीत, आणि तेही नेमके अडचणीच्या वेळी. शेवटाकडे कोण काय करतं यावरही त्याचा परिणाम होतो. वाढतो तो दोन गोष्टींनी: तुमच्या उत्तरांनी आणि त्यांच्यादेखत केलेल्या चांगल्या नेमबाजीने. घटतो तो मुख्यतः एका गोष्टीने, तुमची गोळी त्यांना लागली की. आणि इथे गेमचा खरा दोष आहे. साथीदार तुमच्या नेमाच्या आड बिनदिक्कत येतात, गोळी खातात आणि वर तुमच्यावरच चिडतात.

उपाय पूर्ण नाही, पण बराच चालतो. बो हेवी मशीनगन घेऊन पुढे घुसतो, त्यामुळे तो सोबत असेल तर त्याला आधी पुढे पाठवा आणि तुम्ही त्याच्या बाजूच्या वाटेने जा, थेट मागून नको. फे स्नायपर आहे, मागे थांबते, तिच्यामुळे रुसवा सगळ्यात कमी. अरुंद बोळात गोळीबार सुरू करण्याआधी 'रीग्रुप' देऊन सगळ्यांना मागे घ्या. शॉक बर्स्ट सोडतानाही समोर आपलं कोणी नाही ना, एकदा बघाच.

उत्तरं देताना माणूस ओळखा. बिग बोशी थट्टामस्करी चालते, चार्ली शिस्तीचा ब्रिटिश हेर आहे, त्याला पाचकळपणा खपत नाही. सगळ्यांना खूश करणारं एक उत्तर नसतं. उत्तर न देता गप्प राहणं हा मात्र सगळ्यात वाईट पर्याय, कारण वेळ संपते आणि प्रश्न विचारणारा तोंड फिरवतो. पथक फुटताना दर वेळी तेच दोघे निवडू नका; जे सोबत नसतात त्यांचा विश्वास वाढायची संधीही तिथेच संपते. केन, म्हणजे पथकातला फ्रेंच रोबो, आला की त्यालाही आळीपाळीने घ्यावा. त्याच्या तोंडचे संवाद या गेममधले सर्वात सरस आहेत, निव्वळ त्यासाठीही.

मोठ्या रोबोंशी झुंज जरा लांबते. पद्धत एकच: आधी पायाचं किंवा बाजूचं कवच फोडायचं, तो कोलमडला की उघडा पडलेला भाग झोडपायचा, तो उठायच्या आत आडोसा बदलायचा. जवळपास रॉकेट लाँचर पडलेला असतोच. तो कवच फोडायला वापरू नका, उघड्या भागासाठी राखून ठेवा. मध्येच वॉटर बाइकवरचा भाग येतो, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, तो संपेपर्यंत सहन करायचा.

मल्टिप्लेअर ओस पडलंय, त्यावर अवलंबून असलेली अचीव्हमेंट्स यादीतून वगळली.

पुढच्या टप्प्यात नॅनोमशीनची चौकट नव्याने लावायची, रेचेलला सोबत घेऊन बघायचं आणि चार्लीचा खाली गेलेला विश्वास वर आणायचा. रेचेल स्फोटकांवर हात चालवते, म्हणजे बोळांमध्ये तिच्या पुढे उभं राहायचं नाही.