आमची वाटचाल : ४० एकर बरड आणि ६० मेंढ्या

आमच्या मेंढीपालनाची सुरुवात २०१४ च्या दसऱ्याला झाली. तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याशी असलेले वडिलोपार्जित ४० एकर बरड, ४५ दख्खनी मेंढ्या, दोन मेंढे आणि एक भागीदार एवढेच आमचे भांडवल होते. त्या बरडावर कापूस किंवा सोयाबीन कधी नीट पिकले नाही. पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची गवते मात्र भाद्रपदात मांडीला लागत. पहिली तीन वर्षे कळप वाढत गेला आणि आपल्याला हा धंदा कळला, असा आमचा समज झाला.

एकरी पाच मेंढ्या, हा आकडा भागीदारांनी आणला. तो शेळ्यांच्या बंदिस्त पालनाच्या माहितीपत्रकातला होता, म्हणजे ओलिताचा चारा कापून गव्हाणीत टाकणाऱ्यांसाठी होता. कोरडवाहू बरडाशी त्याचा काही संबंध नाही, हे त्या वेळी आम्हा दोघांनाही उमगले नाही. भर म्हणून त्यांनी माडग्याळ मेंढ्या आणल्या, ज्या अंगाने दख्खनीपेक्षा मोठ्या आणि खाण्यालाही तेवढ्याच जास्त. २०१८ च्या पोळ्याला वाड्यात मोजून २०० जनावरे होती आणि त्यासाठी काढलेले बँकेचे कर्जही होते.

त्या वर्षी पावसाने दगा दिला, आणि राज्य शासनाने जाहीर केलेल्या दुष्काळी तालुक्यांमध्ये आमच्या जिल्ह्यातील अनेक तालुके होते. दिवाळीपर्यंत कुरण इतके खरवडले गेले की पवन्याचे ठोंब मुळासकट उपटून येत होते आणि मागे फक्त तरोटा व गाजरगवत उभे होते. सरकी ढेप आणि सोयाबीनचे कुटार विकत घेऊन आम्ही फाल्गुनापर्यंत कसेबसे ओढले, घरातले दागिने मोडले आणि बाजारात ज्या भावाने मागतील त्या भावाने मेंढ्या दिल्या. भागीदार जानेवारीतच वेगळे झाले आणि वाटणीत दात पाहून निवडलेल्या तरण्या मेंढ्या घेऊन गेले. २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची, म्हणजे एकदम कोवळा चारा खाल्ल्यावर आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची, लस पैशाअभावी राहून गेली. पाऊस पडल्यावर उपाशी मेंढ्या आम्ही एकदम कोवळ्या गवतावर सोडल्या आणि एका रात्रीत ११ मेंढ्या मेल्या. सकाळी वाड्याचे फाटक उघडले तेव्हा त्यांतल्या काहींच्या तोंडात हिरवा घास तसाच होता. उरल्या ५८.

त्यानंतर आम्ही गवत मोजायला शिकलो. गावातील वेल्डरकडून सळईची एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट करून घेतली, जिचा एक कोपरा फेकून फेकून आता वाकडा झाला आहे. त्याशिवाय धारेचा विळा, किराणा दुकानातून घेतलेला जुना इलेक्ट्रॉनिक काटा आणि आमच्या सौभाग्यवतींनी धोतराच्या कापडाच्या शिवलेल्या वीस पिशव्या, एवढीच आमची अवजारे. सप्टेंबरच्या अखेरीस, बी धरले पण झडले नाही अशा वेळी, पाठीमागे न पाहता खांद्यावरून चौकट फेकावी. जिथे गवत दाट दिसते तिथे ती मुद्दाम ठेवणे म्हणजे स्वतःलाच फसवणे आहे. चौकटीतले मेंढी खाईल तेवढेच गवत कापावे, तरोटा वगळावा, आणि लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरेपर्यंत ते उन्हात वाळवावे. वीस ठिकाणची सरासरी जितके ग्रॅम येईल, तिला चाराने गुणले की एकरी किलो निघतात.

आमची पहिली सरासरी १८० ग्रॅम आली, म्हणजे एकरी ७२० किलो आणि ४० एकरांत २८,८०० किलो. त्यातले निम्मे गवत पुन्हा फुटण्यासाठी व जमीन झाकण्यासाठी सोडायचे, म्हणून हाती राहिले १४,४०० किलो. साधारण ३० किलो वजनाची दख्खनी मेंढी दिवसाला किलोभर वाळला चारा खाते. हिवाळा-उन्हाळ्यातले चार महिने आमचा कळप शेतकऱ्यांच्या वावरात खतासाठी बसतो, तेव्हा कुरणावर २४० दिवस धरले की उत्तर ६० येते. हाच चारा २०० मेंढ्यांना ७२ दिवस पुरला असता, आणि तोही चांगल्या पावसाच्या वर्षी. ज्यांना मेंढ्या घ्यायच्या आहेत त्यांनी आधी काटा घ्यावा, मेंढ्या नंतर. आम्हाला कोणी विचारले नसले तरी सांगून ठेवतो.

हेच गणित चौकटीशिवाय करणारे एक धनगर आजोबा दर हिवाळ्यात आपला कळप घेऊन आमच्या शिवारातून जातात आणि पहिल्या वर्षापासून दरसाल आमच्याकडून एक मेंढा घेतात. २०१८ साली कोणी उधारीवरही जनावर घेत नव्हते, तेव्हा त्यांनी जुन्याच भावाने तीन मेंढे रोखीने नेले. ते कुरणात वाकून ठोंबाशी चार बोटे उभी धरतात आणि गवत बोटांखाली गेलेले दिसले की कळप हलवतात. आमचे खरवडलेले रान पाहून ते एवढेच बोलले, "भाऊ, शेंडा मेंढीचा अन् बुडखा रानाचा. तुम्ही दोन्ही चारले." पवन्या हटून कुसळी वाढू लागली की रान उतरणीला लागले, हेही त्यांनीच दाखवले, कुसळी फुलोऱ्यावर आली की तिची कुसे मेंढीच्या ओठांत आणि लोकरीत शिरतात, हे मात्र आम्ही सोसून शिकलो.

इकडे भागीदारांनी स्वतःची संस्था काढली असून ते आजही एकरी पाचचाच आकडा विकतात. त्यांच्या माहितीपत्रकावर गुडघाभर गवतात उभ्या असलेल्या कळपाचे जे छायाचित्र आहे, ते २०१७ च्या ऑगस्टमधले आमच्याच कुरणाचे आहे आणि मागचे कडुनिंबाचे झाडही आमचेच आहे. आम्ही दोनदा पत्र लिहिले, उत्तर आले नाही. त्यांच्याकडून मेंढ्या घेतलेले तीन शेतकरी पुढच्याच वर्षी चारा विचारायला आमच्या दारात आले. त्यांच्या रानात चौकट फेकून आम्ही हिशेब मांडून दिला, आणि इतरांची कुरणे मोजून देण्याचे आमचे काम असे सुरू झाले. गावाच्या ई-क्लास, म्हणजे सामाईक चराईच्या सरकारी जमिनीचे मोजमाप मात्र कोणी सांगितले तरी आम्ही सहसा घेत नाही, कारण तिथे आपण निम्मे राखले तरी दुसऱ्याचा कळप ते उद्या खातो.

त्यानंतरच्या वर्षांत सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही. कर्ज फिटले आणि वाड्यावर पत्रे आले.

यंदाची सरासरी १६५ ग्रॅम भरली, म्हणजे ५५ मेंढ्या. वाड्यात ६१ आहेत. त्यांपैकी सहा काढायच्या असून चार आजोबांच्या नातवाने सांगून ठेवल्या आहेत.