तीन गाड्या, सहा वॉकी-टॉकी आणि ९,००० रुपयांचा कागद

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. हिमाचलमधल्या स्पितीला दोन-तीन गाड्या घेऊन स्वतः चालवत जाणार असाल तर ४४६ मेगाहर्ट्झवर चालणारे छोटे, अर्ध्या वॅटचे वॉकी-टॉकी घ्या. प्रत्येक गाडीत एक आणि वर एक जादा. पाच वॅटचा संच कोणी 'लायसन्स-फ्री आहे सर' म्हणून गळ्यात मारायला लागला तर फोन ठेवून द्या. मी ठेवला नाही.

जूनच्या अखेरीस पुण्याहून तीन गाड्या निघाल्या. सिमला, सांगला, नाको, ताबो, काझा आणि मग कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल, बातल, छत्रू, ग्राम्फू, अटल बोगदा, मनाली. सांगला-नाकोकडचे, म्हणजे किन्नौरचे, दिवस मजेत गेले. रस्ते बरे, हवा बरी, सफरचंदं कच्ची. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखी आहे ती खरेदी. विक्रेता ऑनलाइन सापडला, बोलणं फोनवर झालं. संच पाच वॅटचा, १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झ, 'डोंगरातसुद्धा दहा किलोमीटर रेंज'. एकाचे २,८०० रुपये. शिवाय प्रत्येक संचामागे १,५०० रुपये 'लायसन्स-फ्री सर्टिफिकेट'चे. आम्ही सहा संच घेतले. सोबत सहा लॅमिनेट केलेले कागद आले, गोल शिक्का मारलेले, खाली वाचता न येणारी सही. मेव्हणा म्हणालासुद्धा, "दाजी, जे फ्री आहे त्याचं सर्टिफिकेट कशाला लागतं?" मी त्याला गप्प केलं. सहा संचांचे १६,८०० गेले त्याचं मला एवढं वाटत नाही. त्या कागदांचे ९,००० आठवले की अजून झोप उडते.

मेव्हण्याचा प्रश्न बरोबर होता. विनापरवाना म्हणजे परवाना लागतच नाही, त्यामुळे तो 'देणारा' कोणी असूच शकत नाही. सूट मिळते ती ठरावीक फ्रीक्वेन्सीला, ठरावीक शक्तीच्या आत. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ही चिंचोळी पट्टी कमी शक्तीच्या संचांना मोकळी केली. त्याच्या बाहेर बोलू शकणारा संच, मग तुम्ही त्यावर फक्त 'चहाला थांबू या का' एवढंच बोलत असलात तरी, परवान्याच्या कक्षेत येतो. आणि विनापरवाना चालणाऱ्या संचालाही ईटीए लागतं, म्हणजे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरणाला असलेली मंजुरी. ती बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने घ्यायची असते, आपण नाही. आपण फक्त क्रमांक मागायचा. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी नियमावलीच काढली. विक्रीच्या पानावर फ्रीक्वेन्सी आणि ईटीएचा तपशील दिसला पाहिजे, असं तिच्यात स्पष्ट आहे. तो दिसत नसेल तर पुढे वाचूच नका.

हे सगळं ज्ञान मला एका चौकीवर झालं. गाडीच्या डॅशबोर्डवर दोन अँटेना उभ्या दिसल्या आणि आम्हाला बाजूला घेतलं. मी ऐटीत लॅमिनेट केलेला कागद काढला. अधिकाऱ्याने तो उलटून पाहिला (मागे कोरा), मग संच हातात घेऊन चार बटणं दाबली आणि मोकळ्या पट्टीबाहेरचा भलताच आकडा लावून दाखवला. "देखिए, ये तो कहीं भी बोलता है। पुलिस का वायरलेस भी इसी बँड में है।" आवाज चढवला नाही, धमकी नाही. अडीच तास बसलो, लेखी जबाब दिला, सहाही संच जमा झाले, पावती मिळाली. सरहद्द जवळ असलेल्या भागात तेवढ्यावर सुटलो हे नशीब समजा. तिथे हुज्जत घालू नका, 'पुण्यात तर सगळे वापरतात' हे तर अजिबात बोलू नका. मी बोललो.

वाचलो ते भाच्यांमुळे. मागच्या सीटवर त्यांची खेळण्यासारखी दिसणारी पिवळी जोडी होती. ४४६ वाली, अर्धा वॅट, अँटेना न निघणारी, खोक्यावर ईटीए क्रमांक. अधिकाऱ्याने खोकं वाचलं आणि जोडी परत दिली. म्हणून सांगतो, खोकं फेकू नका, सोबत ठेवा.

आता तो रस्ता. बातल ते ग्राम्फू जेमतेम ५० किलोमीटर, आम्हाला साडेपाच तास लागले. त्याला रस्ता म्हणणं हा रस्त्यांचा अपमान आहे. चंद्रा नदीच्या काठाने गोटे, गोट्यांवरून पाणी, पाण्याखाली आणखी मोठे गोटे. कुंझुमअलीकडचं लोसर गाव सोडल्यावर थेट ग्राम्फूपलीकडच्या कोकसरपर्यंत आमच्या एकाही फोनला रेंज नव्हती. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून चंद्रतालचा मुक्काम पहाटे साडेपाचला सोडला. आठला निघणारे दुपारी वाटेतल्या छोटा दडा नावाच्या जागेपाशी गुडघाभर पाण्याकडे बघत बसतात. टाकी काझालाच भरून घ्या.

दोन संच, तीन गाड्या. एक पुढच्या थारमध्ये, एक शेवटच्या बोलेरोत, मधली डस्टर बहिरी. पहिल्या नाल्यानंतर थारमधून मेव्हणा ओरडला, "ट्रक येतोय, ट्रक! जिथे आहात तिथेच थांबा, पुढे जागा नाही!" मी बोलेरो जागीच थांबवली, पण डस्टरला काय माहीत? ती गेली आणि ट्रकसमोर उभी राहिली. मग एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला कडा अशा ठिकाणी काकांना शंभरेक मीटर रिव्हर्स घ्यावं लागलं. काकू उतरून पायी चालत आल्या. नंतर दोन तास त्या कोणाशी बोलल्या नाहीत. म्हणून प्रत्येक गाडीत एक, यात काटकसर नको.

रेंजबद्दल खरं सांगतो. लोसरच्या मोकळ्या भागात, गाडी समोर दिसत असताना, अडीच किलोमीटरवर स्वच्छ ऐकू आलं. दरीत एक वळण मध्ये आलं की तीनशे मीटरवर खरखर. पाच वॅट असते तरी त्या वळणावर फार फरक पडला नसता. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, दहापट जोर लावला म्हणून डोंगर बाजूला होत नाही. त्यात गाडीचा पत्रा निम्मा आवाज खातो. संच डॅशबोर्डवर ठेवून बोलू नका, खिडकीच्या काचेपाशी उभा धरा, वळणावर हात बाहेर काढा. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला, नाहीतर 'नका थांबू'मधला पहिला शब्दच तुटून काहीतरी भयंकर पोचतं. आवाजावर आपोआप चालू होणारी सोय बंद ठेवा, त्या रस्त्यावर गाडीचा खडखडाटच सतत प्रसारित होत राहतो. संचावरच्या 'प्रायव्हसी कोड'चा खासगीपणाशी संबंध नाही, तुमचं बोलणं त्याच चॅनलवरच्या कोणालाही ऐकता येतं. चंद्रतालच्या थंडीत बॅटरी बसते, रात्री संच झोपेच्या पिशवीत घ्या. आणि संच असला तरी मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की पुढच्याने थांबायचं, हा नियम मोडू नका.

कोणीतरी विचारेलच, म्हणून हॅमबद्दल, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांबद्दल. हॅमचा परवाना जरूर काढा. रिस्ट्रिक्टेड वर्गाच्या परीक्षेत मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची, कटकटही नाही, व्हीयू३ने सुरू होणारी स्वतःची ओळखखूण (कॉलसाइन) मिळते. पण तो छंद आहे, ताफ्याचा इंटरकॉम नाही. हॅम दुसऱ्या हॅमशीच बोलू शकतो, त्यामुळे तिन्ही गाड्यांत परवानाधारक हवा. काकू परीक्षेला बसणार नाहीत, विचारून झालंय. २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड, म्हणजे सामान्य माणसांसाठीची पट्टी, आपल्याकडे २००५ पासून पाच वॅटपर्यंत मोकळा आहे, पण धड संच शोधताना दमलो आणि नाद सोडला.

परदेशातून येणाऱ्या भावंडांना मात्र आधीच फोन करून सांगा, उपग्रहावर चालणारी संदेशयंत्रं किंवा सॅटेलाइट फोन बॅगेत टाकू नका. अमेरिकेत ते गिर्यारोहकाच्या कमरेला असतं, इथे परवानगीशिवाय गुन्हा ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाभोळी विमानतळावर कॅनडाच्या एका बाईंना अशाच यंत्रापायी पोलिसांना तोंड द्यावं लागलं.

मनालीला पोचलो तेव्हा अंगातला एकेक खिळा ढिला झाला होता, तरी हॉटेलच्या पायऱ्यांवर बसून आधी विक्रेत्याला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, तुम्ही आधी बोलला नाहीत. बॉर्डर एरियाचं सर्टिफिकेट वेगळं येतं. २,५०० पडतील. बनवू का?"