उरलेले चार डोस

लशीची व्हायल, म्हणजे कुपी, उघडली तेव्हा दुपारचे पावणेदोन झाले होते. कोविशिल्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस, आणि उघडल्यापासून चार तासांत ते संपवायचे. लेबलवर पेनानं वेळ लिहिली, सहा जणांना टोचलं आणि त्यानंतर केंद्राकडे कुणी फिरकलंच नाही. चार डोस उरले.

तो शनिवार होता, २० नोव्हेंबर २०२१. चंद्रपूर महापालिकेनं १२ ते २४ नोव्हेंबर या काळात लस घेणाऱ्यांसाठी बंपर लकी ड्रॉ जाहीर केला होता. फ्रीज, वॉशिंग मशीन, एलईडी टीव्ही आणि शिवाय दहा जणांना मिक्सर. मी शहरातल्या एका केंद्रावर नर्स होते. सकाळी रांग बरी होती आणि रांगेत बोलणं फ्रीजचंच. सुई टोचता टोचता मी प्रत्येकाला विचारत होते, इतके दिवस का नाही आलात? बहुतेकांचं उत्तर एकच, "येणारच होतो सिस्टर, राहून गेलं." मला ते खरं वाटलं. ही माणसं आठ-पंधरा दिवसांनी आलीच असती.

एक गृहस्थ मात्र वेगळे होते. साठीच्या आसपासचे. उन्हाळ्यात आमच्या आशाताईंना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. पानठेल्यावर बसून सहा महिने "मी काही घेत नाही" असं सांगणारा माणूस. त्या दिवशी शर्टाची बाही वर करताना मला म्हणाले, "फ्रीजसाठी आलो म्हणून सांगाजा सगळ्यांले." कोरोनाची दुसरी लाट बघितल्यावर आतून ते केव्हाच बदलले असावेत, पण चारचौघांत तसं म्हणायचं कसं? सोडतीनं त्यांना एक निमित्त दिलं. सोडतीचा हा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला आहे, तो मी नाकारणार नाही.

साडेतीनला आशाताई म्हणाल्या, "मॅडम, मागच्या गल्लीत इमारतीचं काम चालू आहे. तिथल्या बायांनी एकही डोस नाही घेतला." वैद्यकीय अधिकारी मॅडमना फोन लावला. घरोघरी जाऊन लस देणं सुरूच होतं, त्यांनी लगेच हो म्हटलं. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये आइसपॅक बदलले, चार सिरिंज, कापूस, पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि इंजेक्शनचं किट घेतलं आणि निघालो.

साइटवर सहा बाया गिट्टीची घमेली वाहत होत्या. आशाताईंनी आधी फ्रीजचं सांगितलं. सगळ्यांत पुढची, तिशीतली असेल, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घातलेला, तिनं घमेलं खाली ठेवलं. "फुकटात फ्रीज देऊन राह्यले, म्हणजे त्या सुईत काहीतरी असंलच ना मॅडम?" मी समजावायला लागले तेवढ्यात तिनंच दुसरं विचारलं. "बरं, नंबर लागला तर फ्रीज. अन् ताप आला तर? दोन रोजाची मजुरी कोण देते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लशीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, हे तर मीच दिवसभर सगळ्यांना सांगत होते. ज्याचं पोट हातावर आहे त्याला ताप म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे संध्याकाळची चूल.

आमच्या एका प्रशिक्षणात उदयपूरचा प्रयोग सांगितला होता. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानातल्या खेड्यांमध्ये बाळांच्या लसीकरणासाठी तो केला होता. जिथे काहीच वेगळं केलं नाही, तिथे ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं. जिथे ठरलेल्या दिवशी नेमानं शिबिर भरलं, तिथे १८ टक्के. आणि जिथे शिबिरासोबत दर लशीला एक किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला, तिथे ३९ टक्के. किलोभर डाळ म्हणजे काही फ्रीज नव्हे. पण ती प्रत्येक आईच्या पिशवीत पडत होती, आणि तिची एका दिवसाची बुडलेली कमाई थोडीतरी भरून काढत होती. उलट अमेरिकेतल्या ओहायो राज्यानं २०२१ च्याच मे महिन्यात लस घेणाऱ्यांसाठी दहा-दहा लाख डॉलरच्या पाच सोडती जाहीर केल्या. काही संशोधकांनी तिथले आकडे देशातल्या इतर राज्यांशी ताडून पाहिले, तेव्हा सोडतीमुळे लसीकरण वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. ओहायो मी पाहिलेलं नाही, पण गिट्टीच्या ढिगाशी उभी राहून मला ते पटलं. ज्यांच्यापर्यंत पोचायचं, त्यांना नशिबावर सोडलेलं काही नको असतं. हातात काय पडणार, ते आधी कळायला हवं असतं.

मी मुकादमाला विचारलं, "उद्या काम आहे?"

"उद्या इतवार. बंद राह्यते."

"मग आज घेतली तर ताप उद्या येईल. सोमवारी बाया कामावर येतील. आणि सोमवारी कुणाला नाहीच जमलं तर?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सोमवारी हलकं काम देतो. रोज कापत नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "सगळ्याईसमोर सांग," म्हणाली. त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

मग तिनं नळावर हात धुतले, अंगावरचा शर्ट काढला, ब्लाउजची घट्ट बाही बोटांनी वर सारली. दंडावर सिमेंटची धूळ होती, ती मी ओल्या कापसानं पुसली. सव्वापाचला तिला टोचलं. तिच्यामागून तिघी आल्या. व्हायल पावणेसहाच्या आत रिकामी झाली. उरलेल्या दोघी म्हणाल्या, आम्हांलाही द्या, आणि मला नाही म्हणावं लागलं. दोघींसाठी नवी व्हायल उघडली तर आठ डोस वाया गेले असते, आणि त्या वेळी आणखी आठ जण आणायचे कुठून? ते नाही म्हणणं मला फार लागलं.

चौघी अर्धा तास वाळूच्या ढिगावर बसून राहिल्या. आशाताईंनी गोळ्या दिल्या, कधी घ्यायच्या ते दोनदा सांगितलं. फ्रीजचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

सोमवारी दुपारी मी मुद्दाम त्या गल्लीतून गेले. ती घमेली भरून देण्याच्या कामावर होती, वाहायच्या नाही. रविवारी ताप आला होता, म्हणाली, रात्री उतरला. मुकादम वरच्या मजल्यावरून ओरडला, "मॅडम, त्या दोघी राहिल्या आहेत, अन् दुसऱ्या साइटवरच्या आठ. शनिवारीच या!"