उसाच्या ८६०३२ जातीला तोड का निघत नाही, विचारता म्हणून

लग्नात, कऱ्हाडच्या स्टँडवर, परवा तर दवाखान्याच्या रांगेत. ऊस पैदाशीत नोकरी झाली हे कळलं की प्रश्न ठरलेला: "मॅडम, ८६०३२ ला इतकी वर्षं झाली, तिच्या तोडीची दुसरी जात तुम्हा लोकांना काढता येईना होय?"

जाती निघाल्या. २००७ मध्ये पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं २६५ दिली. चोपणात, म्हणजे खारवट जमिनीत, तगते, टनेज देते. तुम्हीच सांगता, ती उशिरा पिकते म्हणून कारखाना नोंद घ्यायला कुरकुरतो. मग १०००१ आली. तुम्हाला टन हवेत, कारखान्याला साखरेचा उतारा, तोडकऱ्याला न लोळलेला ऊस, आणि वर खोडवा, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून येणारं पीक, चांगला फुटला पाहिजे. हे सगळं एका उसात एकदा जुळलं, म्हणून दर पाच वर्षांनी जुळेल असं नाही.

'काढता येईना' हा शब्द मला लागतो. आपल्याकडं तुरा येतो, पण त्यात बी नीट धरत नाही. संकर प्रामुख्यानं कोइमतूरला होतात. तिथून आलेल्या त्या कापसासारख्या बारीक बियांतून उगवलेलं प्रत्येक रोप वेगळं, एकाच आईबापाची असली तरी. हजारांतून शेकडा, शेकड्यातून मूठभर उरायला दहा-बारा वर्षं जातात. आणि अकराव्या वर्षी हातात काहीच न राहणं, हेही याच कामात मोडतं.

माझ्या हातात नवव्या वर्षी अशी एक जात होती. तिला नुसता नंबर होता. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठच्या एका आबांच्या रानात आम्ही चाचणी घेतली, मुद्दाम खालच्या तुकड्यात. तिथं पाणी ओसरलं की सरीच्या माथ्यावर क्षारांचं पांढरं फुलायचं आणि ८६०३२ कमरेच्या वर जायची नाही, पानांची टोकं करपलेली. आमची मात्र डोक्याच्या वर गेली. कांडं गडद जांभळं, म्हणून आबा तिला 'काळी' म्हणायचे. डिसेंबरात रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब ठेवून उन्हाकडं धरला, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, २१ च्या वर. आबांनाही बघायला दिलं. त्यांना रेघ दिसली की नाही कोण जाणे, पण ते बराच वेळ डोळा लावून उभे होते.

त्याच हंगामात, आमच्या रोगाच्या प्लॉटमध्ये, जिथं कांड्या काणी या बुरशीच्या रोगाची काजळी कालवलेल्या पाण्यात बुडवूनच लावतात, तिच्या खोडव्यात चाबूक निघाले. एकदोन बेटांत नाही, पुष्कळ. शेंड्यातून काळी लांब दोरी, वरचा चंदेरी पापुद्रा फाटला की हाताला काजळी.

तिला काढून टाकायची, हे ठरलं. आबांना सांगायला मीच गेले. ते म्हणाले, "ताई, माझ्या रानात एक चाबूक दाखवा. दोन सऱ्या तरी ठेवा." दाखवायला एकही नव्हता. मी नाही म्हटलं. आबांनी गडी लावू दिले नाहीत, स्वतः कुदळ घेतली. बेटं मुळासकट निघताना मी बांधावर उभी होते, कारण एक कांडी जरी राहिली तरी ती मोटारसायकलवरून कुठवर जाते हे मला माहीत होतं. संध्याकाळी ढीग पेटवला. ओला ऊस धुमसत राहिला, गूळ करपल्यासारखा वास. आबा पुन्हा कधी चाचणीला रान देणार नाहीत, हे त्यांनी न सांगताच कळलं.

माझं बरोबरच होतं. वडिलांच्या रानातली ७४० ही जुनी जात मी लहानपणी काणीनं गेलेली पाहिली आहे. काळे शेंडे पोत्यात भरायचं काम आम्हा पोरांकडं असायचं. आज एकानं लावलेली रोगट जात उद्या दहा गावांचं बेणं असते.

पण हे अर्धंच आहे. प्रसारणाला ती नालायक होती, पण आई म्हणून नव्हती. क्षार सोसण्याचा तिचा गुण काणीला दाद न देणाऱ्या एखाद्या नराशी जोडून पाहता आला असता. बंदोबस्तात चार बेटं जपायची आणि ती संकरासाठी पाठवायची, एवढं एक पत्र लिहायचं होतं. तेव्हाची मी म्हणायची, हे सगळं भावनेपोटी आहे, एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यापोटी. आत्ताची मी तिला विचारते, मग आबांना नाही म्हणताना जी घाई होती ती कशापोटी होती? काणी पसरली आणि तिच्यापुढं माझं नाव लागलं, तर? ही भीती त्यात होती. किती होती, ते मला मोजता येत नाही.

खालचा तो तुकडा आता पडीक आहे. त्या वाटेनं गेले की नजर जातेच. पत्र मी लिहिलं नाही. का नाही लिहिलं याची माझ्याकडं दोन उत्तरं आहेत, आणि कुठलं खरं वाटेल ते कुणी विचारलं यावर ठरतं.